लग्नाच्या यादीतली तोफ

लोकांच्या मुलींची लग्नं पत्रिकेवरून अडतात, मानपानावरून अडतात, नाहीतर नाक फुगवून बसलेल्या एखाद्या आत्याबाईंवरून अडतात. आमच्या प्राचीचं लग्न अडलं ते युद्धनौकेवर कुठली तोफ बसवावी यावरून. आता सांगताना मला हसू येतं. त्या रविवारी कुळगावच्या अंगणात मात्र दोन म्हाताऱ्यांचे कान धरून उपटावेत असं मला वाटत होतं, आणि त्यातला एक म्हातारा माझा नवरा होता.

नवऱ्याची ओळख आधी करून देते, म्हणजे पुढचं नवल वाटणार नाही. गुरुदत्त अंबरनाथला संरक्षण खात्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. तोफेचा गोळा ज्या पितळी काडतुसाच्या जोरावर सुटतो, ती काडतुसं त्यांच्या टेबलावर यायची. मापात असलं तर ह्यांचा ठसा, नसलं तर भंगार. माणूस निवृत्त झाला, तपासणी झाली नाही. बाजारातून भेंडी आणली की आजही ताटात ओतून दोन ढीग करतात, मापातली आणि मापाबाहेरची. मापाबाहेरची भेंडीसुद्धा मीच चिरते आणि तेच खातात, तो भाग वेगळा. अर्धवट कागदावर तर हे मेले तरी सही करणार नाहीत. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त आमच्याकडे आलं की सेक्रेटरी चहा पिऊनच जातो, कारण त्याला ठाऊक असतं की तासाभराची निश्चिंती आहे.

अशा माणसाने मुलीसाठी स्थळं बघायला घेतली. पाच मुलं आली, पाचही नापास. पहिला अठरा मिनिटं उशिरा आला. दुसऱ्याच्या बायोडाटात उंची पाच फूट नऊ इंच होती. ह्यांनी त्याला बोलता बोलता दाराच्या चौकटीपाशी उभा केला, तिथे ह्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. पाच सात भरली. बाकीच्या तिघांचं सांगत बसले तर नमनालाच घडाभर तेल जाईल. प्राची एकतिसाव्या वर्षात आली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग तिनेच एक दिवस सुजितला घरी आणलं. दोघं एमआयडीसीत एकाच कंपनीत, ती क्वालिटीत आणि तो मेंटेनन्सला. बदलापूरचा, म्हणजे जुन्या कुळगावातला, आगरी शेतकऱ्याचा मुलगा. हे त्याला उंची विचारणार तेवढ्यात तो म्हणाला, "काका, साडेपाच फूट. चप्पल काढून." आणि स्वतःच चौकटीपाशी जाऊन उभा राहिला. रात्री ह्यांच्या स्थळांच्या वहीत शेरा पडला: ठीक. चौतीस वर्षांच्या संसारात मलासुद्धा 'ठीक' मिळालेलं नाही.

आता भीती फक्त व्याह्यांची होती. सुजितचे वडील हिरामण आणि आई कौसाबाई. त्यांची जांभळाची झाडं, दोन म्हशी, भाताचं थोडं शेत. आमच्या ह्यांचं त्यांच्याशी काय जमणार, ही मला धास्ती. पहिल्या भेटीत दोघं पाच मिनिटं हवापाण्यावर बोलले आणि गप्प झाले. मी कौसाबाईंच्या लुगड्याचं कौतुक करत होते, तेवढ्यात हिरामण सहज म्हणाले, "मी पन सरकारी मानूस व्हतो. नेवीत. पंधरा वरसं. तोफेवं."

ह्यांचा बशीतला हात तिथेच थांबला. "कुठली तोफ?"

"साडेचार इंची. जोडनली."

संपलं. त्यानंतर दुपारचे चार कधी वाजले ते त्या दोघांना कळलं नाही, आम्हाला मात्र पुरेपूर कळलं. युद्धनौकेवरची ही दोन नळ्यांची तोफ म्हणे ड्युअल पर्पज असते. समोरच्या जहाजावरही मारायचं आणि नळी वर करून विमानही पाडायचं, दोन्ही कामं एकीनेच. जहाजावर जागा मोजकी, म्हणून ही युक्ती. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या सोफा-कम-बेडसारखं. कॅम्प दोनच्या फर्निचर बाजारातून हौसेने आणला. त्यावर धड बसता येत नाही आणि धड झोपताही येत नाही." दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पुन्हा लुगड्याकडे वळले.

तरी मी खूश होते. व्याही-व्याही जमले, आणखी काय पाहिजे? पण माशी शिंकायची ती शिंकलीच.

कुळगावात नवरदेवाच्या मिरवणुकीची भारी हौस. कोणी जेसीबीवरून आला, कोणी बैलगाडीवरून, गेल्या वर्षी एक जण पुठ्ठ्याच्या हेलिकॉप्टरमधून आला. हिरामणनी जाहीर केलं, "माजा पोऱ्या जहाजावं येल." टेम्पोवर पत्र्याचं करड्या रंगाचं युद्धजहाज उभारायचं आणि त्यावर खऱ्यासारखी तोफ. समोर आम्ही मुलीकडचे उभे राहिलो की आमच्यावर फुलं उडवायची. वर अक्षयचा ड्रोन शूटिंग करत असणार. अक्षय म्हणजे सुजितचा चुलतभाऊ, लग्नांची शूटिंगं घेतो. तर नळी वर करून ड्रोनच्या दिशेने सोनेरी कागद उडवायचे. "नायतं वरशी काय दिसल?" हिरामण म्हणाले. "निस्ती टकली."

म्हणजे तोफ ड्युअल पर्पज. झालं, आमच्या ह्यांच्या अंगात आलं.

कॅम्प दोनमध्ये मुकेश नावाचा एक सिंधी कारागीर आहे. लग्नाच्या स्टेजची कमान, सिंहासन, वरून फिरत खाली येणारं कमळ, जे म्हणाल ते बनवतो. दोघं त्याच्याकडे गेले, त्यांच्या मागोमाग मीही गेले, कारण ह्यांना एकटं सोडायची माझी छाती नव्हती. मुकेशने कॉम्प्रेसरवर चालणारं फुलं उडवायचं साधं यंत्र दाखवलं. बटण दाबलं की फुस्स.

"ह्याला काडतूस कुठे आहे?" ह्यांनी विचारलं.

"साईं, काडतूस काहे को? ऊपर से फूल डालो, बटण दाबो."

"तोफ काडतूस भरूनच उडते."

"बरोबर हाय," हिरामण म्हणाले. दोघांचं एकमत झालेली ती शेवटची गोष्ट.

पुढचे तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. ह्यांनी एक तुलनात्मक तक्ता केला. अकरा रकाने. नळीचा व्यास, काडतुसाचं वजन, एका वेळी किती फुलं, किती फूट लांब, किती फूट उंच, असं बरंच. त्याच्या शेजारी खऱ्या नौदलाच्या तोफांचा दुसरा तक्ता, कारण ह्यांचं म्हणणं, तत्त्व एकच असतं. ह्यांचं मत मोठ्या तोफेला. "पाच इंची गोळा एकतीस-बत्तीस किलोचा. तो विमानाच्या जवळपास फुटला तरी काम झालं. तिथे शहात्तर मिलिमीटरच्या सहा किलोच्या गोळ्याने काय होणार?" हिरामणचं मत लहान तोफेला. "ती मिनिटाला ऐंशी गोले टाकतंय, सायब. विमान काय उबा ऱ्हाते तुमचे गोल्यासाटी?" हा वाद रोज फोनवर. एकदा मी भाजी आणायला गेले, परत आले तरी 'विमान उभं राहत नाही' इथेच गाडी अडलेली.

मुकेशने शहाण्यासारखं डोकं लावलं आणि दोन्ही बनवल्या. ह्यांची सहा इंची पाइपाची एकच जाडजूड तोफ, तिचं लोखंडी काडतूस झेंडूने भरलं की आठ किलोचं. हिरामणची तीन इंची पाइपांची जोडतोफ, तिचं काडतूस जेमतेम दोन किलोचं. ठरलं असं, की यादीच्या दिवशीच चाचणी घ्यायची आणि जी जिंकेल ती यादीत लिहायची.

यादी म्हणजे लग्न ठरल्याचा कागद. तारीख, हॉल, जेवण कोणाकडे, मानपान कसं, सगळं लिहून दोन्हीकडच्या वडिलधाऱ्यांच्या सह्या होतात. त्या झाल्या की लग्न ठरलं, नाही झाल्या तर सगळं हवेत. साध्या घरांमध्ये मिरवणुकीपुढे 'वाजतगाजत' असं लिहून भागतं. आमच्याकडे नववा मुद्दा होता: मिरवणूक, जहाज, तोफ (प्रकार). आणि पुढे मोकळी जागा.

रविवारी सकाळी कुळगावला पोचलो तेव्हा अंगणात तीसेक माणसं जमलेली. जहाज टेम्पोवर चढलेलं, दोन्ही तोफा बसवलेल्या. प्राची आणि सुजित एका कोपऱ्यात उभे. आठ मुद्दे अर्ध्या तासात उरकले. मला वाटलं, आता दोन फुसके बार उडतील, सह्या होतील आणि वडे तळायला घेतील. कौसाबाईंनी पीठसुद्धा मळून ठेवलेलं.

"भरनार मीच," हिरामण म्हणाले. सहासष्टचे आहेत. लुंगी खोचून टेम्पोवर चढले आणि असे ताठ उभे राहिले, की मी क्षणभर ओळखलंच नाही त्यांना. मुकेश नळी वर-खाली करायला. अक्षयचा ड्रोन अंगणावर घिरट्या घालू लागला. आमचे हे खाली खुर्चीवर, मांडीवर तक्ता आणि हातात घड्याळ.

पहिली पाळी लहान तोफेची. हिरामणचा हात असा चालला, की बघत राहावं. भर, ढकल, बार. भर, ढकल, बार. मिनिटात दहा काडतुसं. समोरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांवर झेंडूचा सडा पडला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग नळ्या वर झाल्या. सोनेरी कागद उडाले, पण ड्रोनच्या पुष्कळ खालीच दमले आणि हेलकावे खात म्हशींच्या पाठीवर उतरले.

"उंची अपुरी," ह्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं. ह्या माणसाला मनात वाचता येत नाही.

मग मोठी तोफ. पहिला बार खरंच जोरदार. झेंडू अंगण ओलांडून जांभळांच्या शेंड्यांपर्यंत गेला. दुसराही तसाच. तिसऱ्या काडतुसाला हिरामणना ते छातीपर्यंत उचलायला जरा वेळ लागला. चौथं मांडीवर टेकवून उचललं. मला खालून दिसत होतं, त्यांची मान लाल झाली होती. पाचवं वर मारायचं होतं. मुकेशने नळी उभी केली, त्यामुळे काडतूस खालून वर सरकवायचं. हिरामणनी दात आवळून ते सरकवलं आणि तिथेच फळीवर खाली बसले.

त्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. फुलं ताजी राहावीत म्हणून कौसाबाईंनी सकाळी त्यांच्यावर सढळ हाताने पाणी मारलं होतं. शेवटच्या काडतुसात सोनेरी कागदांऐवजी तळातला ओला झेंडूच भरला गेला होता. तो काही सुटा होऊन उडाला नाही. त्याचा एक गच्च गोळा झाला, सरळ वर गेला आणि ड्रोनवर जाऊन आदळला.

ड्रोन एकदा गरगरला आणि म्हशीच्या पाण्याच्या डोणीत पडला. म्हैस बाजूला सरकली.  आणि मग असा आरडाओरडा झाला म्हणता! "पारला रे! इमान पारला!" पोरं नाचायला लागली. अक्षय तेवढा डोणीत हात घालून रडवेला उभा.

आमचे हे खुर्चीवरून उठले. एवढे आनंदात मी त्यांना प्राचीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. "एका गोळ्यात विमान! हिरामणराव, बघितलंत? तक्ता खरा ठरला. मोठी तोफ."

हिरामण फळीवरच बसलेले, एक हात कमरेला. "सायब, येक इमान परला. दुसरा आला तं? बगा मना. मी हितं बसलोय."

आणि माझ्या नवऱ्याने, मापात बोलण्याबद्दल उभ्या कारखान्यात प्रसिद्ध असलेल्या ह्या माणसाने, तक्त्यातून मान वर न काढता उत्तर दिलं, "मग भरणारा बदलायचा."

 हिरामण सावकाश उठले.

"भरनारा बदलाचा," ते म्हणाले. "सेल बदलतान तसा. सायब, तुमी कवा तोफ उरवलीय? येकदा? कागदावं लिवनाऱ्याला काय लागतंय? तुमी एसी खोलीत बसून पट्टी लावाची, आन आमी मराचा."

एसी नव्हता हो त्या खोलीत. उन्हाळ्यात पितळ तापायचं आणि ह्यांच्या बोटांची सालं निघायची. पण ह्यांनी ते सांगितलं नाही.  त्यांनी तक्त्याची घडी घातली, पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

"नववा मुद्दा ठरला नाही," ते म्हणाले. "यादी अपूर्ण आहे. अपूर्ण कागदावर मी सही करत नाही."

"नका करू," हिरामण म्हणाले.

मंडळी एकमेकांची तोंडं बघू लागली. कोणीतरी वाती विझवल्यासारखं पोरांना गप्प केलं. सुजित वडिलांकडे गेला, त्यांनी त्याला हातानेच बाजूला केलं. प्राची माझ्याकडे आली. मला वाटलं रडेल, पण रडली नाही, ते मला जास्त लागलं.

"आई, पाच जणांच्या वेळी मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "बाबा चुकीचे नव्हते, म्हणून बोलले नाही. आज चुकीचे आहेत. मी आता आणखी कोणाला बघणार नाही. एवढं त्यांना सांग."

मी आत गेले. कौसाबाई चुलीपाशी बसून होत्या, कढईतलं तेल तापून धूर निघत होता आणि त्यांचं लक्ष नव्हतं. मी गॅसवर हात जावा तसा सवयीने चुलीकडे हात नेला आणि मागे घेतला. त्यांनी लाकूड बाहेर ओढलं.

"बाय, त्याचा राग तोफेचा नाय," त्या म्हणाल्या. "नेवीशी सुटून आला तवा गावान कोनी इचारला नाय, का तू थय काय करं. सगली बोलली, पेन्शन किती. तुमचा मानूस पयला, ज्यानी तोफेचा इचारला. तीन आठवरं फोनवं निस्ता हासतंय. आन त्यानीच बोलला, भरनारा बदला."

 मला एकदम रागच आला. आमच्या ह्यांनाही त्यांच्या ठशांचं कधी कोणी विचारलं नव्हतं की! मी ताडताड बाहेर अंगणात आले. तीस माणसांसमोर बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवशी जिभेला हाड नव्हतं.

"हिरामणभाऊ, ह्यांनी तोफ उडवलेली नाही. खरं आहे. उडताना पाहिलीसुद्धा नाही. चौतीस वर्षं काडतुसं तपासली आणि त्यातलं एकही कुठे गेलं, उडालं की नाही, ह्यांना कधी कळलं नाही. खराब निघालं असतं तर चौकशीचं पत्र आलं असतं. चांगलं निघालं याचं पत्र जगात कोणी पाठवत नाही. आणि हा माणूस जेवताना मध्येच थांबून म्हणायचा, उमा, मी आज चारशे ठसे मारले, ह्या चारशेंच्या मागे चारशे वेळा कोणीतरी उभा राहणार. ती माणसं घरी गेली असतील ना? मी काय सांगणार? मी म्हणायचे, गेली असतील, आमटी घ्या." मी ह्यांच्याकडे बोट केलं. "भरणारा बदला म्हणाले, ते चुकलं. अक्कल गहाण टाकून बोलले. पण भरणाऱ्याची काळजी नाही असं म्हणू नका."

"उमा, पुरे," हे म्हणाले. मान खाली.

 हिरामण टेम्पोवरून उतरले. उतरताना सुजितने हात पुढे केला, या वेळी त्यांनी तो धरला. ह्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले.

"तुमी कामाला कवा लागलं?"

"चौऱ्याऐंशी."

"मी ब्यान्नवला सुटलो." त्यांनी मनाशी हिशेब केला. "म्हंजी आठ वरसं."

"आमच्याकडचीच तुमच्या जहाजावर आली असतील असं नाही," हे म्हणाले. ह्या वेळीसुद्धा नेमकेपणा सुटेना. "ठशावर आकडा असायचा. माझा सतरा."

"आकडा कोन वाचतंय, सायब? इमान येतंय, वरशी आफिसर वरडतंय. ठसा हाय का, येवराच बगाचा. हाय? मंग आत." त्यांनी हवेत काडतूस ढकललं. "तोफेचा तोंड तिकरं. बूड हितं. आन माजा हात हितं, येवऱ्याशी. आतशी फुटला आसता तं पयला हातच." ते थांबले. मग त्यांनी दोन्ही हात ह्यांच्या नाकासमोर धरले, बोटं पसरून. "पंधरा वरसं. बगा."

ह्यांनी खिशातून चष्मा काढला. लावला. हिरामणचे हात आपल्या हातात घेतले आणि बघायला लागले. चिखलाने भेगाळलेले, जांभळाच्या डागांचे, जाडजूड हात. डावा, मग उजवा. एकेक बोट. सगळं अंगण वाट बघत होतं आणि एरवी मी म्हटलं असतं, अहो, भेंडी आहे का ती?  पण ह्यांचा चष्मा ओला झाला होता आणि तो पुसायला ह्यांना हात मोकळा नव्हता.

"हिरामणराव," शेवटी ते म्हणाले, "माझ्या तक्त्यात अकरा रकाने होते. भरणाऱ्याचा रकानाच नव्हता."

त्यांनी तक्त्याची घडी उलगडली, कडेला जागा नव्हती म्हणून मागे उलटा करून बाराव्या रकान्याची एक उभी रेघ मारली. मग यादी पुढे ओढली आणि नवव्या मुद्द्यापुढे लिहिलं. लिहिताना सवयीने मोठ्याने वाचलंही: "तोफ लहान, जोडनळीची. भरणाऱ्याला झेपेल अशी."

आणि खाली सही केली.

वाजंत्री नव्हतीच, पण पोरांनी टेम्पोचा हॉर्न दाबून धरला. प्राची आता रडली. मी पण रडले, लपवण्यासारखं त्यात काही नाही. हिरामणनी पेन घेतलं, कागदावर वाकले आणि मध्येच थांबले.

आता काय, म्हणून माझा जीव पुन्हा टांगणीला.

"ती मोठी पन ऱ्हाव द्या," ते म्हणाले. "शेवटाला येकच बार. दोघांनी उचलाचा. इमान पारला तं तिनीच ना?"

"तत्त्वतः," हे म्हणाले, "मग ती ड्युअल पर्पज राहत नाही. दोन वेगळ्या तोफा झाल्या."

"व्हव द्या की!"

"साईं, मैंने तो इसीलिए दोनों बनाई थी," मुकेश म्हणाला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. अक्षयने मात्र ओला ड्रोन हातात धरून दहावा मुद्दा लिहून घेतला: शूटिंग जमिनीवरून.

हिरामणनी सही केली. कौसाबाईंनी ओटी भरली, वडे झाले, जांभळाच्या सरबताचे दोन दोन पेले झाले. दोघे व्याही टेम्पोखाली सावलीत बसून आता खऱ्या जहाजावर लहान किती आणि मोठ्या किती यावर भांडत होते. मी दोनदा बोलवायला गेले आणि दोनदा परत आले.

निघायला पाच वाजले. गाडी मीच चालवत होते. चिखलोली मागे पडली तरी हे बाहेरच बघत बसले होते. मला वाटलं, डोळा लागला असेल.

"उमा."

"काय?"

"माझा चष्मा धूसर झाला होता. दहाही बोटं होती ना गं?"

"होती," मी म्हटलं. "मी मोजली."